खेळाडू सावकाश घडतो

पावसाळा सरत आला की आमच्या दवाखान्यात एक वेगळी गर्दी सुरू होते. ताप, जुलाब, डोळे येणे हे तर असतेच. पण त्यांच्या जोडीला गुडघा धरून, टाच उचलून, कंबर आखडून येणारी दहा ते पंधरा वर्षांची मुले-मुली दिसू लागतात. कारण उघड आहे. शालेय क्रीडा स्पर्धांचा हंगाम सुरू झालेला असतो. आधी तालुका किंवा महापालिका, मग जिल्हा, मग विभाग, मग राज्य अशा पायऱ्या असतात आणि प्रत्येक पायरी पुढच्या पंधरवड्यात उभी असते. मुलाबरोबर बहुधा वडील येतात, कधी क्रीडाशिक्षक येतात. मूल बोलत नाही, मोठेच बोलतात. आणि वाक्य ठरलेले असते : ‘‘डॉक्टरसाहेब, रविवारी फायनल आहे. तेवढे एक इंजेक्शन देऊन टाका. मग काय विश्रांती घ्यायची ती घेऊ द्या.’’

वाचकहो, आजचा लेख या एका वाक्याबद्दल आहे. आणि उपदेश करण्याआधी माझी स्वतःची चूक सांगणे मला आवश्यक वाटते.

२०१२ साली, अशाच एका हंगामात, तेरा वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे आला. हॉकीपटू. सडपातळ, बोलके डोळे, उजव्या हाताला घट्टे पडलेले. गेले तीन आठवडे डाव्या नडगीत दुखत होते. आधी खेळताना दुखायचे, मग खेळून झाल्यावर, आणि आता रात्री झोपेतही. मी नडगीवरून बोट फिरवले. एका जागी, रुपयाएवढ्या जागेत, तो एकदम कळवळला. वैद्यकशास्त्राच्या पुस्तकात हे लक्षण ठळक अक्षरांत छापलेले आहे. हाडाला सततच्या ताणाने सूक्ष्म भेग पडली असावी, अशी शंका तिथेच घ्यायला हवी होती, खेळ थांबवायला हवा होता, मुलाला अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवायला हवे होते.

मला शंका आली नाही असे नाही. आली होती. पण वडील समोर बसलेले, सर दारात उभे, दुसऱ्या दिवशी अंतिम सामना, आणि तो मुलगाच म्हणाला, ‘‘डॉक्टर काका, उद्या खेळू द्या ना.’’ मी वेदनाशामक इंजेक्शन दिले, पायाला क्रेप बँडेज बांधले आणि ‘‘सोमवारी एक्स-रे काढून आणा’’ असे सांगितले. एक्स-रे रविवारीच काढावा लागला. सामन्याच्या उत्तरार्धात, कुणाचा धक्काही लागलेला नसताना, धावता धावता तो खाली बसला. भेगेच्या जागीच हाड मोडले होते. त्याचा संघ जिंकला. कप शाळेच्या कपाटात गेला आणि मुलगा प्लास्टरमध्ये गेला. हाड यथावकाश जुळले, पण तो हंगाम गेला, पुढचाही गेला. मग दहावी आली. त्याने स्टिक परत हातात घेतली नाही.

वेदना ही शरीराने दिलेली सूचना असते. ती सूचना मी बंद केली. रस्त्यावरचा लाल दिवा डोळ्यांना त्रास देतो म्हणून तो फोडावा, तसलाच हा प्रकार.

लहान मूल म्हणजे छोटा मोठा माणूस नव्हे

मोठ्या माणसाचे हाड आणि वाढत्या मुलाचे हाड यांत एक मूलभूत फरक आहे. मुलांच्या लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेची एक पट्टी असते. तिला वाढीची पट्टी म्हणू या. हाडाची लांबी तिथे वाढते. मुलींमध्ये साधारण चौदा-पंधरा आणि मुलांमध्ये सोळा-सतराव्या वर्षाच्या सुमारास बहुतेक पट्ट्या भरून येतात. तोपर्यंत ती जागा पक्क्या हाडापेक्षा आणि भोवतालच्या अस्थिबंधांपेक्षाही नाजूक असते. ज्या मुरगळण्याने मोठ्या माणसाचा अस्थिबंध ताणला जाईल, त्याच मुरगळण्याने मुलाच्या वाढीच्या पट्टीला इजा होऊ शकते.

त्यात उंची झपाट्याने वाढण्याचा काळ आला की हाडे आधी लांबतात, स्नायू आणि कंडरा मागे राहतात. ते ताणलेल्या दोरीसारखे हाडाला ओढत असतात. म्हणून या वयात काही दुखणी नेहमी भेटतात. गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या वरच्या टोकाला टेंगूळ येते आणि जिना चढता-उतरता दुखते. आठ ते चौदा वर्षांच्या मुलांची टाच दुखते, ती खेळून आली की लंगडतात. वेगवान गोलंदाजी करणाऱ्या मुलांची कंबर दुखते, आणि तिथे मणक्याच्या मागच्या भागात भेग असू शकते. ही कंबरदुखी कधीही ‘लचक’ म्हणून सोडून देऊ नये. पहिली दोन दुखणी भार कमी केला की बहुतेक वेळा बरी होतात. पण रोजचा भार तसाच ठेवून मलम चोळत बसलात, तर महिनोन्‌महिने रेंगाळतात.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. खेळल्यामुळे मुलांची हाडे बळकट होतात, कमजोर होत नाहीत. दिवसभर मोबाइल घेऊन पलंगावर पडलेल्या मुलापेक्षा मैदानावरचे मूल शंभर पटींनी बरे. माझे भांडण खेळाशी नाही. एकाच खेळाची एकच हालचाल वर्षभर, विश्रांतीविना, मोठ्यांच्या मापाने करून घेतली जाते, तिच्याशी आहे.

घाई कुणाला आणि का?

या सगळ्यात आईबापांना खलनायक ठरवणे सोपे आहे. मला ते मान्य नाही. विभागीय क्रीडा संकुलावर पहाटे साडेपाचला दुचाकीवर मुलीला घेऊन येणारा बाप मी रोज फिरायला जाताना पाहतो. रात्रपाळी करून वाळूजहून थेट मैदानावर आलेला असतो. त्याच्यापुढे काही साधे हिशेब आहेत. राज्य पातळीवर खेळले तर दहावी-बारावीला क्रीडा सवलतीचे गुण मिळतात. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. विद्यापीठ परिसरात साईचे केंद्र आहे, शासनाच्या क्रीडा प्रबोधिनी आहेत. तिथे निवड झाली तर राहणे, खाणे, शिक्षण यांची सोय होते. ज्या घरात दुसरी शिडी नाही, त्या घराला ही शिडी दिसते. ती धरावीशी वाटणे यात गैर काही नाही.

क्रीडाशिक्षकांचेही तसेच. आठशे मुलांमागे एक शिक्षक, त्यालाच परीक्षेची, निवडणुकीची, पोषण आहाराची कामे. मुख्याध्यापक वर्षअखेर विचारतात ते एवढेच, की यंदा किती कप आले? या वर्षी किती मुले मैदानावर टिकली, असे कुणी विचारत नाही. जे मोजले जाते तेच केले जाते. म्हणून सर काय करतात? त्या वयोगटात जे मूल आज सर्वांत उंच, सर्वांत दणकट आहे त्याला घेतात. कप मिळतो. पण खेळाडू घडतो का?

बर्फावरच्या हॉकीची गोष्ट

माझा तो रुग्ण हॉकीपटू होता. म्हणून त्याच जातकुळीतल्या एका परदेशी खेळाचे उदाहरण देतो : बर्फावरची हॉकी, म्हणजेच आइस हॉकी. आपल्या देशात ती मुख्यतः लडाखमध्ये खेळली जाते. मराठवाड्यात पिण्याच्या पाण्याचेच वांधे, तिथे बर्फाचे मैदान कुठून आणणार! पण कॅनडात हा खेळ आपल्या क्रिकेटसारखा गल्लोगल्ली आहे, आणि मुलांमधून खेळाडू निवडताना काय चुका होतात, याचा तिथे झालेला अभ्यास आपल्याला फार उपयोगी आहे.

१९८० च्या दशकात रॉजर बार्न्स्ले हे मानसशास्त्रज्ञ आपल्या पत्नीबरोबर किशोरांचा एक सामना पाहायला गेले होते. हातात संघांची माहितीपत्रिका होती. खेळाडूंच्या जन्मतारखांकडे लक्ष गेले ते पत्नीचे. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. पुन्हा जानेवारी, फेब्रुवारी! मग बार्न्स्ले यांनी सहकाऱ्यांसह अनेक संघांच्या याद्या तपासल्या आणि १९८५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. वरच्या दर्जाच्या किशोर संघांत साधारण चाळीस टक्के मुले वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेली होती आणि शेवटच्या तीन महिन्यांतली जेमतेम दहा टक्के.

यात ग्रहताऱ्यांचा काही संबंध नाही. तिथे वयोगटाची सीमा १ जानेवारी ही असते. म्हणजे २ जानेवारीला जन्मलेला आणि ३० डिसेंबरला जन्मलेला, दोघे एकाच गटात. नऊ-दहा वर्षांच्या वयात एक वर्षाचा फरक म्हणजे केवढा! मोठा मुलगा उंच, ताकदवान दिसतो. प्रशिक्षकाला तो ‘गुणी’ वाटतो. त्याची निवड होते, त्याला जास्त सराव, चांगले प्रशिक्षक, जास्त सामने मिळतात आणि काही वर्षांनी तो खरोखरच सरस ठरतो. डिसेंबरचा मुलगा कंटाळून घरी बसतो. निसर्गाने दिलेल्या अकरा महिन्यांना आपण ‘प्रतिभा’ असे नाव दिलेले असते.

आपल्या शालेय स्पर्धांतही चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील असे गट आहेत आणि सीमा १ जानेवारीचीच धरली जाते. त्यात केवळ जन्मतारखेचा प्रश्न नाही. एकाच दिवशी जन्मलेल्या दोन मुलांची वयात येण्याची वेळ दोन-तीन वर्षांनी मागेपुढे असू शकते, आणि दोघेही पूर्ण निरोगी असतात. सातवी-आठवीच्या वर्गात जाऊन पाहा. एकाला मिसरूड फुटलेले असते, दुसऱ्याचा आवाज अजून कोवळा असतो. तेराव्या वर्षी पहिला दुसऱ्याला सहज हरवतो. अठराव्या वर्षी दोघे समान उंचीचे झाले की मग कौशल्य कुणाकडे आहे ते कळते. पण दुसरा तोवर मैदानावर राहिला असेल तर! त्याला आपण तेराव्या वर्षीच ‘‘तुझ्याच्याने होणार नाही’’ म्हणून पाठवून दिलेले असते.

त्याच खेळातली दुसरी गोष्ट दुखापतीची. आइस हॉकीत प्रतिस्पर्ध्याला अंगाने धडक देऊन चेंडूऐवजी जी चकती असते तिच्यापासून दूर करणे नियमाला धरून आहे. कॅनडाच्या एका प्रांतात अकरा-बारा वर्षांच्या मुलांना हे करू देत, दुसऱ्या प्रांतात करू देत नसत. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन्हींकडच्या मुलांची तुलना केली गेली. जिथे धडक चालते तिथे दुखापतींचा आणि मेंदूला हादरा बसण्याचा धोका तिपटीहून अधिक निघाला. त्यानंतर अमेरिकेने २०११ मध्ये आणि कॅनडाने २०१३ मध्ये या वयोगटात धडक बंद केली. ‘‘खेळ मवाळ होईल, पोरे बुळी होतील’’ अशी ओरड तिथेही झाली. पण नियम बदलला. अमेरिकेत आठ वर्षांखालच्या मुलांना पूर्ण मैदानही देत नाहीत. मैदान आडवे विभागून छोट्या तुकड्यांवर खेळवतात. प्रत्येक मुलाला चकती जास्त वेळा मिळते, वळणे, पास देणे, डोके वर ठेवून पाहणे हे सगळे येते, आणि दमछाक कमी होते.

आता आपल्याकडे पाहा. दहा वर्षांच्या पोराला आपण बावीस यार्डांची खेळपट्टी, पूर्ण वजनाचा लेदर बॉल आणि बापाच्या उंचीची बॅट देतो. मग म्हणतो, याचा खांदा का दुखतो?

‘पण सचिन?’

एवढे सांगितले की पालकांचा प्रश्न ठरलेला असतो : ‘‘डॉक्टर, सचिन तर सोळाव्या वर्षी कसोटी खेळला!’’ खेळला, १९८९ मध्ये. पण एक सचिन दाखवताना त्याच काळात त्याच वयाची, तितकीच राबलेली आणि दुखापतीने किंवा कंटाळ्याने मैदान सोडून गेलेली किती मुले होती, ते आपण मोजत नाही. शिवाय लहानपणी सचिनला टेनिसचेही वेड होते, आणि वेगवान गोलंदाज व्हायचे म्हणून तो चेन्नईच्या शिबिरातही गेला होता, हे आपण विसरतो. त्यालाही एकाच साच्यात कुणी जन्मापासून कोंबले नव्हते.

मी पालकांना दुसरी दोन नावे सांगतो. पहिले धनराज पिल्ले. पुण्याच्या खडकीत १९६८ साली जन्म. मोडक्या स्टिका बांधून, भावांबरोबर खडबडीत मैदानावर खेळत हा मुलगा हॉकी शिकला. आंतरराष्ट्रीय पातळीवर आला तो विशी ओलांडल्यावर, १९८९ मध्ये. पुढे चार ऑलिंपिक आणि चार विश्वचषक खेळला. १९९८ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली भारताने बँकॉकला आशियाई सुवर्ण जिंकले, तेही बत्तीस वर्षांनी. तेव्हा तो तीस वर्षांचा होता.

दुसरे नाव आपल्या मराठवाड्यातले. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील मांडवा गावचा अविनाश साबळे. शेतकऱ्याचा मुलगा, शाळा सहा किलोमीटरवर, कधी चालत, कधी पळत जायचा. बारावीनंतर सैन्यात भरती झाला. अडथळ्यांच्या तीन हजार मीटर शर्यतीकडे तो वळला तेव्हा त्याने विशी ओलांडली होती. २०१८ मध्ये त्याने गोपाळ सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला, २०२२ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवले, आणि २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली. अकराव्या वर्षी त्याच्या छातीवर किती पदके होती, हे आज कुणी विचारत नाही.

नॉर्वे हा पंचावन्न लाख वस्तीचा देश. आपल्या एका मोठ्या जिल्ह्याएवढा म्हणा ना. तिथे १९८७ पासून मुलांच्या खेळासाठी देशव्यापी नियम आहेत. अकराव्या वर्षाआधी गुणतक्ते आणि क्रमवारी लावत नाहीत. तेराव्या वर्षाआधी राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा नाहीत. मुलांनी अनेक खेळ खेळावेत, मित्रांत राहावे, मजा यावी, एवढाच हेतू. हा देश २०१८ आणि २०२२ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये पदकतालिकेत पहिला आला. लहानपणी न पळवलेली घोडी मोठेपणी पुढे गेली!

दाखला मागायला येणारे

आणखी एका दुखण्याविषयी बोललेच पाहिजे. ते हाडांचे नाही. दरवर्षी दोन-तीन पालक मुलाचे वय एक-दीड वर्षाने कमी दाखवणारा दाखला मागायला येतात. आमच्या पिढीत गुरुजींनी अर्ध्या गावाची जन्मतारीख १ जून लिहून टाकली, त्यात निष्पाप अज्ञान होते. हे तसे नाही. मी देत नाही, आणि का देत नाही तेही सांगतो. हल्ली वरच्या स्पर्धांत मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचे वय तपासतात. तिथे मूल पकडले जाते आणि शिक्षा मुलाला होते. न पकडले गेले तर नुकसान आणखी मोठे. दोन वर्षांनी लहान मुलांना ताकदीवर हरवत गेलेले मूल कौशल्य शिकतच नाही. खुल्या गटात आले की त्याच्याकडे काही शिल्लक नसते. आणि ज्या खऱ्या चौदा वर्षांच्या मुलाची जागा त्याने घेतली, ते आधीच घरी बसलेले असते. एका खोट्या दाखल्याने दोन खेळाडू संपतात.

काय करावे?

पालकांनी आणि शिक्षकांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. यासाठी पैसे लागत नाहीत.

१. आठवड्यातील सराव आणि सामन्यांचे एकूण तास मुलाच्या वयाच्या वर्षांपेक्षा जास्त नसावेत. बारा वर्षांच्या मुलाला आठवड्याला बारा तास पुष्कळ झाले. आठवड्यातून किमान एक दिवस पूर्ण सुट्टी. वर्षातून एकूण तीन महिने मुख्य खेळापासून दूर. एकेक महिन्याचे तुकडे केले तरी चालतील. त्या काळात पोहावे, सायकल चालवावी, सूरपारंब्या खेळाव्यात.

२. पंधरा-सोळा वर्षांपर्यंत एकाच खेळाला जुंपू नये. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचाही हाच सल्ला आहे. जिम्नॅस्टिक्ससारखे काही खेळ लवकर सुरू होतात. तिथे तर विश्रांतीचा नियम अधिक कडक पाळावा. आपले खो-खो, लंगडी, कबड्डी यांनी चपळाई, तोल आणि दमसास येतो, तो पुढे कुठल्याही खेळात कामी येतो.

३. ही लक्षणे दिसली तर खेळ थांबवून डॉक्टरांना दाखवावे : लंगडणे, एकाच जागी बोट ठेवता येईल असे दुखणे, रात्री झोपेतून उठवणारी वेदना, सांध्याला सूज, दोन आठवड्यांपेक्षा जास्त रेंगाळणारी कंबरदुखी. वेदनाशामक गोळी किंवा इंजेक्शन देऊन मूल मैदानात उतरवू नये. एखादा डॉक्टर द्यायला तयार झाला, तरी तुम्ही नको म्हणा.

४. डोक्याला मार लागून मूल गोंधळले, चक्कर आली, उलटी झाली, किंवा घडलेले आठवेना, तर त्या दिवशी त्याला पुन्हा खेळवायचे नाही, बेशुद्ध पडले नसले तरीही. ताबडतोब तपासून घ्यावे.

५. झोप. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप हवी, त्याहून लहानांना नऊ ते बारा. पहाटे पाचला उठवायचे असेल तर रात्री अकरापर्यंत शिकवणी आणि गृहपाठ चालणार नाही. स्नायू आणि हाडांची दुरुस्ती झोपेतच होते.

६. आहार. दोन-तीन हजारांच्या प्रोटीन पावडरच्या डब्याची गरज नाही. ज्वारीची भाकरी, डाळ, मोड आलेली मटकी, दूध किंवा दही, परवडत असेल आणि चालत असेल तर अंडी, सरावानंतर केळे आणि शेंगदाणा-गुळाचा लाडू एवढे पुरते. उपाशीपोटी पहाटेच्या सरावाला पाठवू नये. ओळखीच्या कुणी दिलेली ‘ताकदीची’ गोळी किंवा इंजेक्शन कदापि घेऊ नये. पुढच्या पातळीवर खेळणाऱ्या मुलांनी सर्दीची गोळीसुद्धा डॉक्टरांना ‘मी खेळाडू आहे’ असे सांगूनच घ्यावी, कारण काही औषधे स्पर्धेत निषिद्ध असतात.

७. मुली. देशात पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलींपैकी सुमारे ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आहे, असे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) आढळले. दम लागणाऱ्या मुलीला ‘आळशी’ म्हणण्यापूर्वी तिचे हिमोग्लोबिन तपासा. पंधरा वर्षांपर्यंत पाळी आली नाही, किंवा सुरू झालेली पाळी तीन महिने बंद राहिली, तर खेळाडू मुलींमध्ये असे होतेच, म्हणून दुर्लक्ष करू नका. खाणे कमी आणि कष्ट जास्त झाल्याची ती खूण असू शकते, आणि त्यात हाडे ठिसूळ होतात. मुलीला हे बोलायला सोपे जावे म्हणून संघाबरोबर एक बाई शिक्षिका असावी.

८. ऊन. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. उन्हाळी शिबिरे सकाळी साडेआठच्या आत संपवावीत. तहान लागण्याची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी पाणी प्यावे. पाणी पिणे म्हणजे दुबळेपणा, असे मानणारे जुने सर अजूनही भेटतात. त्यांना नम्रपणे हा लेख दाखवावा.

शाळांना एक विनंती

शाळाचालक आणि मुख्याध्यापकांना माझी एकच विनंती आहे. वार्षिक अहवालात कपांच्या संख्येशेजारी आणखी एक आकडा छापा : पाचवीत मैदानावर असलेल्या मुला-मुलींपैकी नववीत किती मैदानावर आहेत? चौदा वर्षांखालील संघात प्रत्येक मुलाला प्रत्येक स्पर्धेत काही वेळ तरी खेळायला मिळाले का? हे दोन प्रश्न विचारायला सुरुवात झाली की सरांवरचे दडपण आपोआप बदलेल. लहानखुऱ्या मुलाला राखीव बाकावर वर्षभर बसवणे परवडेनासे होईल. खेळाडू घडवणे हे झाड लावण्यासारखे आहे. रोप रोज उपटून मुळे किती वाढली ते पाहणाऱ्याच्या अंगणात झाड उभे राहत नाही.

माझा तो रुग्ण आता पंचविशी ओलांडून गेला आहे. एका कारखान्यात नोकरीला आहे. गेल्या वर्षी तो दवाखान्यात आला, सोबत सहा-सात वर्षांची त्याची भाची होती. टाच दुखते म्हणून दाखवायला आणले होते. शाळेत धावण्याच्या शर्यतीची तयारी चालली होती. मी तपासले, विशेष काही नव्हते, नवे बूट घट्ट होते. जाताना तो थांबला आणि म्हणाला, ‘‘डॉक्टर, शर्यत परवा आहे. पळवू का हिला?’’

मी म्हटले, ‘‘दोन दिवस अनवाणी खेळू दे घरातच. परवा सकाळी दुखत नसेल आणि तिला पळावेसे वाटत असेल तर पळू दे. दुखत असेल तर पुढच्या वर्षीही शर्यत आहेच.’’

तो हसला. मला मात्र हसता आले नाही. हेच वाक्य मी २०१२ साली त्याला सांगायला हवे होते.